पळा म्हटल्यावर पळालेली माणसं

नारायणगाव,
सोमवार, ७ डिसेंबर २००९

चि. नवनाथ यास,
आक्काचा सप्रेम जयभीम.

पत्राच्या सुरुवातीला सगळे खुशाल असल्याचं लिहायचं असतं, म्हणून ते आधी उरकून घेते. आबांची साखर आटोक्यात आहे. तुझ्या दाजींचा गुडघा थंडीनं धरतो, पण टेम्पो चालवणं थांबलेलं नाही. बोरीला कांद्याची लागण चालू आहे. मी अजून नारायणगाव-जुन्नर फेरीवरच आहे आणि सुट्ट्या पैशांवरून रोज कुणाशी तरी वाजतंच. तुमच्या बंगळूरच्या बसमध्ये बाई कंडक्टर असते का रे? असली तर तिला माझा नमस्कार सांग.

झाली खुशाली. आता मुद्द्याचं.

मोबाइलच्या जमान्यात आक्कानं पत्र का धाडलं, असं तुला वाटेल. कारण फोनवर मी आवाज चढवला की तुझं नेटवर्क जातं. कागदाचं जात नाही. शनिवारी १९ तारखेला पुण्यात तुमच्या कंपनीचा मोठा कार्यक्रम आहे. परदेशी पाहुणे येणार, त्यांना तुमच्या बिनमाणसाच्या लढाऊ विमानाचे डोळे कसे हुशार आहेत ते दाखवणार, हे तूच दिवाळीत हौसेनं सांगितलंस. त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे. त्या पाहुण्यांना तू आपल्या बोरीची चित्रं दाखवायची नाहीस. का, ते आता सविस्तर सांगते, आणि तू ते शेवटपर्यंत वाचायचं आहेस.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात तू आठवडाभर बोरीला आलास. कशासाठी आला होतास ते तुला माहीत आहे, आत्ताच ते लिहीत नाही. येताना एक थर्माकोलचं विमान घेऊन आलास, खाटेएवढं रुंद, पोटाखाली कॅमेरा बांधलेला. सगळं गाव बांधावर गोळा झालं. लोकांनी विचारलं, हे कशाला? तू म्हणालास, शेतीची पाहणी करायला. शब्द न् शब्द आठवतोय मला, कारण गेणूतात्यांनी लगेच विचारलं होतं, "आमच्या टमाट्यावरचा करपा दिसंल का रं त्यात?" आणि तू हसून म्हणालास, "दिसेल की तात्या."

करपा! त्या भोळ्या माणसानं दुसऱ्या दिवशी तुला घरी जेवायला बोलावलं. प्रयागमावशीनं मासवडीचा घाट घातला. पोरगं एवढं शिकलं, पण गावच्या पिकासाठी आलं, म्हणून ती तुझं ताट वाढताना डोळे पुसत होती.

मग कुशाबांच्या मोकळ्या वावरात तू सगळ्यांना उभं केलंस. जमा व्हा म्हणालास, जमा झाले. पांगा म्हणालास, पांगले. पप्पूच्या जीपमध्ये पोती चढवायला लावलीस, उतरवायला लावलीस. गेणूतात्यांना फावडं खांद्यावर टाकून बांधावरून चालायला सांगितलंस. आणि शेवटी ओरडलास, "आता पळा! जोरात पळा, वर बघू नका!" पळाले रे सगळे. साठीची माणसं धोतर सावरत पळाली. प्रयागमावशी पळता पळता हसून म्हणाली, "आता आमाला हिरवीन करतो का काय ह्यो!" पाहणीसाठी माणसांनी पळायचं कशाला, हे एकानंही तुला विचारलं नाही. आपला पोरगा सांगतोय म्हटल्यावर कोण विचारतं?

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. गेणूतात्यांची नात प्राची यंदा अवसरीच्या नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागली. तिथं पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दोन दिवस व्याख्यानं होती, बाहेरच्या कंपन्यांची माणसं येऊन आपापलं काम दाखवत होती. तुमच्या पुण्याच्या ऑफिसातले एक साहेब आले होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी प्राचीचा फोन. "आत्या, नवनाथकाकांच्या कंपनीची फिल्म दाखवली. त्यात आमचे आजोबा आहेत. पण त्यांच्याभोवती लाल चौकोन काढलाय. उद्या परत दाखवणारेत. तुम्ही याच."

दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. आबांना घेतलं आणि गेले. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पोराच्या कंपनीचा कार्यक्रम म्हणून.

आम्ही मागच्या बाकावर बसलो. अंधार केला, पडद्यावर कुशाबांचं वावर आलं. पहिल्यांदा मला हसूच फुटलं. वरून माणसं एवढीएवढी, मुंग्यांसारखी, तरी मी एकेकाला ओळखलं. तात्या एक पाय ओढत चालतात. प्रयागमावशी चालताना डावा हात कमरेवर ठेवते. साहेबांनी बटण दाबलं आणि प्रत्येकाभोवती पिवळा चौकोन आला. पिवळा म्हणजे माणूस. मग तात्या फावडं घेऊन बांधावर आले आणि त्यांचा पिवळा चौकोन लाल झाला. लाल म्हणजे काय ते साहेबांनी सांगितलं. लाल म्हणजे उडवायला योग्य.

फावडं, नवनाथ. तुझी आई ज्या फावड्यानं पाणी वळवायची, तसलंच फावडं.

पुढं माणसं पळायला लागली. पळणाऱ्यांचे चौकोन लाल, जो धापा टाकत मागं राहिला त्याचा पिवळा. साहेब म्हणाले, विमानाचा आवाज ऐकून पळणारा माणूस बहुधा शत्रूचा असतो, हे आमच्या यंत्राला आता कळायला लागलंय. माझ्या खात्यात पळणारा माणूस म्हणजे एसटी चुकू नये म्हणून पळणारा. त्याच्यासाठी मी घंटी मारून गाडी थांबवते. तुमच्या खात्यात त्याला मारतात.

पप्पूच्या जीपला लाल चौकोन. काठ्या घेऊन घोळक्यानं चाललेल्या बायकांना लाल चौकोन, 'सशस्त्र टोळी'. अरे, त्या कुठं चालल्या होत्या, तुला नाही माहीत? उसाच्या कडेनं बायका एकट्या जात नाहीत आपल्याकडे, बिबट्या असतो. तू शाळेत जाताना तुझ्या हातातसुद्धा आईनं काठी दिलेली होती. हे तू त्या यंत्राला का नाही सांगितलंस?

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. मी इतकी रागात होते की फक्त तात्यांचंच विचारलं. तर तू म्हणालास, "आक्का, तुला यातलं कळत नाही. तो टेस्टचा डेटा आहे. आणि आपला एक जवान यामुळे वाचत असेल तर तुला नको आहे का? मुंबईत काय झालं विसरलीस?"

मला यातलं कळत नाही हे खरं. पण मुंबईचं मी विसरलेले नाही. तीन दिवस डेपोतल्या टीव्हीसमोर आम्ही सगळे रडत बसलो होतो. तिथं एका पोलिसानं नुसत्या लाठीनिशी बंदूकवाल्याला समोरून धरला, गोळ्या खाल्ल्या तरी सोडला नाही. म्हणून तो जिवंत सापडला आणि त्याच्यावर खटला चालू आहे. मुंबईचं नाव काढायचं असेल तर हेही आठव. जवान वाचावा, हे ज्या घरात मी जन्मले त्या घराला तू शिकवायचं नाहीस. एकाहत्तरला आबा सरहद्दीवर होते तेव्हा पोस्टमन दिसला की आई चुलीमागं जाऊन बसायची.

आणि मला काय कळतं तेही ऐक. माझ्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस सापडला तरी त्याला आम्ही खिसे चाचपायला वेळ देतो. तो म्हणतो, होतं हो मॅडम, आत्ता इथंच होतं. टोपी काढून बघतो, पिशवी उलटी करतो, आणि पुष्कळदा सापडतंही. नाही सापडलं तर दंडाच्या पावतीवर फाडणाऱ्याची सही असते. दहा रुपयांच्या तिकिटासाठी एवढं! तुमच्या चौकोनातल्या माणसानं कुणाला सांगायचं, की बाबा, मी तो नव्हे? वर तोंड करून ओरडायचं? वर बघितलं तर तोसुद्धा तुमच्या हिशेबात पुरावाच व्हायचा.

जूनमध्ये पेपरात आतल्या पानावर एक लहानशी बातमी होती. तिकडं पाकिस्तानच्या डोंगराळ भागात मयताला जमलेल्या लोकांवर ड्रोननं हल्ला झाला. कितीतरी माणसं गेली. तेव्हा मी ती वाचली, च्‌ च्‌ केलं आणि पेपर डब्याखाली घातला. अवसरीहून आल्यापासून मात्र ती बातमी मला सोडत नाही.

कारण अजून एक चित्र आहे, नवनाथ. ते लिहायचं मी मघापासून टाळतेय. फोनवरही टाळलं. तुला वाटलं असेल आक्कानं ते ओळखलंच नाही.

गेल्या वर्षी तू आलास ते आईच्या वर्षाला आलास. पुण्यानुमोदनाला सगळी पांढऱ्या कपड्यात, आपल्या अंगणात रांगा करून बसली होती. तू आबांना म्हणालास, आठवण म्हणून वरून फिल्म काढतो, म्हातारपणी बघाल. आबांना केवढा आनंद झाला होता. भंतेजींच्या मागून आम्ही पंचशील म्हणत होतो, पहिलंच शील, प्राण्यांची हिंसा करणार नाही म्हणून, आणि डोक्यावर तुझं विमान घरघरत होतं. मला तेव्हा त्याचा रागसुद्धा आला नाही. वाटलं, पोराला आईची आठवण जपायची आहे.

ती फिल्म आबांना कधी मिळाली नाही. अवसरीच्या पडद्यावर मिळाली. आवाज नव्हता तिला. वरून आईचा फोटो दिसत नाही, नुसती खुर्चीची पाठ दिसते आणि हाराचा पिवळा ठिपका. आम्ही सगळ्यांनी एकदम हात जोडले, वाकलो, आणि अख्ख्या अंगणाभोवती एकच मोठा लाल चौकोन आला. साहेब मुलांना म्हणाले, "एरवी ही माणसं विखुरलेली असतात. अशा प्रसंगी एकत्र सापडतात. अशी संधी वारंवार येत नाही."

आईच्या वर्षाला, नवनाथ! पहिल्या रांगेत आबा होते. दुसऱ्या रांगेत मी होते. तू स्वतः त्या चौकोनात नव्हतास, कारण तू बांधावर उभा राहून विमान उडवत होतास.

दिवे लागल्यावर साहेबांनी विचारलं, काही प्रश्न? आबा उठले. सगळी मुलं मागं वळून बघायला लागली. आबा म्हणाले, "सायेब, ती शेवटची मानसं कोन व्हती?"

साहेब वाईट माणूस नव्हता. मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, घाबरू नका. ती खरी माणसं नाहीत. नुसतं सँपल आहे."

आबा उभेच होते. मला वाटलं, आता सांगतील. पण ते फक्त "बरं" म्हणाले आणि खाली बसले. त्यांच्या सदऱ्याची बाही मी धरली होती. त्या सदऱ्याला त्यांनी आदल्या दिवशी दोनदा इस्त्री केली होती रे.

मंचरच्या स्टँडवर चहा घेताना ते पहिल्यांदा बोलले. लढाईचं ते कधी बोलत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाले, "आमी बी गोळ्या झाडल्यात यशोधरा. त्याची मला लाज न्हाई. पन एकदा पहाटं धुक्यातनं एक जन खांद्यावर कायतरी घिऊन येत व्हता. मी नेम धरला व्हता. जवळ आला तवा दिसलं, कोकरू व्हतं. आजारी कोकरू घिऊन चालला व्हता बिचारा."

मी विचारलं, "आणि मारलं असतं तर?"

"तर मी मारलं हे मला जल्मभर ठावं आसतं. ह्येंच्यात कुनाला ठावं आसनार? यंत्र म्हनंल, बटन सायबानं दाबलं. सायेब म्हनंल, यंत्रानं दावलं. आन आपला नवनाथ म्हनंल, मी निस्ता चौकोन काढला."

चहा तसाच राहिला. गाडी लागली तेव्हा कप ठेवून उठलो.

काल सहा डिसेंबर. संध्याकाळी विहारात वंदना झाली, मेणबत्त्या लावून झाल्या. आबांनी गेणूतात्यांना, प्रयागमावशीला, कुशाबांना, पप्पूला, त्या फिल्ममधल्या सगळ्यांनाच सांगावा धाडून बोलावलं होतं. आणि उभं राहून सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, काही झाकलं नाही. आपल्या पोराबद्दल असं चारचौघांत बोलताना बापाचं काय होत असेल याचा विचार तूच कर. मी बघत होते, मला नीट बघवलं नाही.

तात्यांना आधी हसू आलं. आबांना म्हणाले, "म्हंजे मी अतिरेकी व्हय रं भागुजी? मला तर माजा बैल बी भीत न्हाई!" सगळे हसले. मला जरा हायसं वाटलं. वाटलं, हसण्यावारी जाईल, आबांचं ओझं उतरेल.

पण प्रयागमावशी हसली नाही. ती म्हणाली, "आरं, पन आमी पळून दावलं म्हनून त्ये यंत्र शिकलं ना? म्हंजे तिकडं कुठं दुसऱ्या मुलखात आमच्यावानी बायाबापडी पळाली, की त्येंला वळखनार ते आमच्या पळन्यावरनं. आन मारनार."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

नवनाथ, मी एवढी भांडखोर, एवढी तोंडाळ, पण तोपर्यंत माझा राग आमच्यापुरताच होता. आम्हाला लाल चौकोनात घातलंस, आईच्या दिवसाचं असं केलंस, गावाशी खोटं बोललास, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जिला सहीसुद्धा येत नाही त्या बाईला ओळखदेख नसलेल्या माणसांचं आधी सुचलं. तू तिच्या हातची मासवडी खाल्लीस आणि तिच्या पळण्याचं हत्यार केलंस. मला तुझी लाज वाटते. हे मी तुझ्याबद्दल याआधी कधीच म्हटलेलं नाही, दहावीला दोनदा शाळेतून पळालास तेव्हाही नाही. आज लिहून देते.

मावशीनं जाताना निरोप दिलाय, "त्याला म्हनावं, आमचं पळनं आमाला माघारी दे." प्राची सांगते, नुसती फिल्म पुसून भागत नाही, यंत्र त्यावरून जे शिकलं ते त्याच्यात राहतंच. तेही पुसून टाकता येतं म्हणे, पण त्यासाठी शिकवणाऱ्यालाच बसावं लागतं. म्हणजे तुलाच. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. घराचा हप्ता आहे, लेकरू लहान आहे. नोकरीचं तुझं तू ठरव, आरशात बघून ठरव. पण बोरीचं जे काही त्या यंत्राच्या पोटात गेलंय ते सगळं तू बाहेर काढायचंस. आईचं अंगण सगळ्यात आधी.

नाहीतर काय, तेही काल ठरलं. शनिवारी सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही पुण्याला निघणार. आबा, तात्या, मावशी, कुशाबा, पप्पू, मी, आणि अंगणात बसलेल्यांपैकी ज्यांना जमेल ते सगळे. माझी रजा आजच मंजूर झाली. आम्ही घोषणा देणार नाही, आरडाओरडा करणार नाही. तुमच्या हॉलच्या दाराशी उभे राहणार आणि पाहुणे आले की सांगणार, ते सँपल आम्ही आहोत. आबा लढाईतली पदकं लावून येणार आहेत. आजवर ती त्यांनी कुणाच्या लग्नातसुद्धा लावलेली नाहीत.

पण आबांनी एक अट घातलीय. म्हणाले, "त्यानं मला फोन करून निस्तं म्हनावं, 'आबा, पुसलं.' मग कुनी पुन्याला जायचं न्हाई."

मी म्हटलं, "आबा, आणि फोनवर खोटंच बोलला तर? तिथं बसून त्यानं पुसलं की नाही, आपल्याला काय दिसणार आहे?"

आबा म्हणाले, "न्हाईच दिसनार. त्यानं नीट न बघता आपल्यावर संशेव घेतला. आपन न बघता त्याच्यावर इस्वास ठिवू."

मी खूप वाद घातला. लोकांनीही घातला. आबा ऐकेनात. तेव्हा आता ते तुझ्याकडे आहे. पुसलं नसशील तर फोन करू नकोस, शनिवारी हॉलच्या दाराशी ये आणि आमच्याकडे बघ. खरोखर पुसलंस तर कर. पण न पुसता फोन करून त्या म्हाताऱ्याला 'पुसलं' म्हणालास, तर ते मान डोलावतील आणि साऱ्या गावाला अभिमानानं सांगत सुटतील, आणि मला ते ऐकावं लागेल. तसं केलंस तर माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस.

हे पत्र अजून पेटीतसुद्धा पडलेलं नाही, पण काल माझ्याबरोबर इकडं आलेले आबा सकाळपासून मोबाइल मांडीवर घेऊन माझ्या ओट्यावर बसलेत. चार्ज संपेल म्हणून कुणाला हात लावू देत नाहीत.

तुझी,
आक्का